कोऱ्या तारीखपट्ट्या

आमच्या वाचनालयात नवं पुस्तक घ्यायचं असेल तर आधी एक माणूस दाखवावा लागे. पुस्तक कितीही गाजलेलं असो, त्याला कुठलंही बक्षीस मिळालेलं असो, मास्तर एकच प्रश्न विचारत, "कोणासाठी?" वाचकांसाठी, असं उत्तर दिलं तर ते समाधानी होत नसत. "वाचक म्हणजे कोण? नाव सांगा. राहतो कुठे ते सांगा."

नाव सांगितलं की पुस्तक येई, आणि आल्याबरोबर मास्तर पहिल्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ते नाव लिहीत. 'गासच्या नर्सबाई.' 'शिंप्याचा धाकटा.' 'फुलवाले काका, पावसाळ्यात.' शेवटच्याचा अर्थ मला खूप उशिरा कळला. फुलवाल्या काकांना पावसाळ्यात वाडीत काम कमी असे, तेव्हाच ते जाड पुस्तकाला हात घालत. मग ते पुस्तक मे महिन्याच्या शेवटी हाताशी हवं, म्हणून मास्तर ते एप्रिलपासून कोणाला देत नसत. मागणाऱ्याला सांगत, "बाहेर गेलंय." पुस्तक त्यांच्याच टेबलाच्या खणात असे.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं सांगत होतात की तुमच्याकडच्या लायब्ररीत पुस्तक एका फटीतून आत टाकलं की यंत्र आपोआप त्याची जागा ओळखतं. आजी, तुझ्याकडे असं आहे का, असं विचारलंत. नाही, बाळांनो. आमच्याकडे मास्तर होते. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण इंग्रजीत लिहिलं तर मास्तर त्यात माझ्यासारखे व्हायला लागतात. आई वाचून दाखवेल.

त्यांनी शाळेत एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण सगळे त्यांना मास्तर म्हणत. उंच, किडकिडीत, आणि मान कायम उजव्या खांद्याकडे कललेली. उभ्या पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचून वाचून ती तशी झाली, असं ते म्हणत. तुमचे आजोबा म्हणायचे की मास्तर माणसांकडेही तसंच बघतात, पाठीवरचं नाव वाचल्यासारखं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेन्सिलींचे चार-पाच तुकडे असत. पेन वाचनालयात आणायला बंदी होती. पहिल्या दिवशी माझं पेन त्यांनी दारातच मागून घेतलं आणि जाताना न विसरता परत दिलं.

मी तेव्हा विमा कंपनीतून नुकतीच निवृत्त झाले होते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, इंग्रजीत. घरी आमची बोली, ऑफिसात इंग्रजी, आणि पुस्तकी मराठी चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी कानावर पडे तेवढीच. मास्तरांना म्हटलं, मला चांगली मराठी कादंबरी द्या. त्यांनी मान कलती करून माझ्याकडे बघितलं आणि लहान मुलांचं एक पुस्तक समोर ठेवलं. चोवीस पानं, अर्ध्या पानात चित्र. एका बेडकाची गोष्ट होती.

"अहो, मी अधिकारी होते," मी म्हटलं.

"हो ना. हे झालं की या."

मी रागाने घरी गेले आणि एका बैठकीत बेडूक संपवला. त्यात मला तीन शब्द अडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "किती अडले?" मी खरं सांगितलं. मग त्यांनी त्याहून थोडं मोठं पुस्तक दिलं. असं करत करत आठ-नऊ महिन्यांनी त्यांनी मला पहिली कादंबरी दिली. तिच्या पहिल्या पानावर माझं नाव होतं, आणि पुसट झालेली पेन्सिल बघता ते त्यांनी बऱ्याच आधी लिहून ठेवलं असावं.

समुद्र जवळ, हवा खारट, पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल. अशा ठिकाणी कागद टिकवणं म्हणजे रोजची मारामारी. मास्तर कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून, त्यात वेखंडाची पूड घालून तिच्या पुरचुंड्या करत आणि प्रत्येक फळीच्या मागे ठेवत. कसर त्याने लांब राहते. दसरा झाला की कपाटं रिकामी करून पुस्तकं ओटीवर उभी, अर्धी उघडून मांडत. उन्हात नव्हे, उन्हाच्या कडेला. ऊन सरकलं की पुस्तकंही सरकवायची. त्या आठवड्यात वाचनालय बंद असे आणि मास्तर काठी घेऊन कोंबड्या हाकत बसलेले असत.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावलेली दिसली तर ते दोन दिवस त्या वाचकाशी बोलत नसत. स्वतः मैद्याची खळ शिजवत, तिला बुरशी येऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालत, आणि पातळ कागदाच्या पट्ट्या अशा लावत की बोट फिरवल्याशिवाय सांधा कळू नये. डागांची मात्र त्यांना गंमत वाटे. पुस्तक परत आलं की ते डागाचा वास घेत आणि शेजारी पेन्सिलीने लिहीत: 'चहा.' 'खोबरेल तेल.' 'कालवण, बहुधा पापलेट.' पुढच्या वाचकाला पुस्तक देताना सांगत, "एकशे चौदा पानावर पापलेट आहे. घाबरू नका."

देणगीची पुस्तकं घेण्याची त्यांची पद्धत तर वाचनालयाच्या समितीला छळत असे. एकदा एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीतून एक तरुण गृहस्थ गाडीतून तीन खोकी घेऊन आले. घर बदलत होते.

"काका, ही सगळी डोनेट करायचीयेत. एकदम गुड कंडिशनमध्ये आहेत."

"बसा," मास्तर म्हणाले. त्यांनी पहिलं पुस्तक बाहेर काढलं. "हे वाचलंत?"

"हे... हे वाइफचं आहे."

"त्यांनी वाचलं?"

"तिला गिफ्ट मिळालं होतं."

"हे?"

"हे सुरू केलं होतं, पण टाइमच नाही मिळत ना काका."

असं तिन्ही खोक्यांचं झालं. पाऊण तास लागला. शेवटी मास्तरांनी सात पुस्तकं ठेवून घेतली आणि बाकीची खोकी परत गाडीत ठेवायला मदत केली. "वाचून आणा. घाई नाही," ते म्हणाले. तो गृहस्थ बिचारा हो म्हणून गेला. हसू नका, पण पुढच्या वर्षी त्यातली चार पुस्तकं घेऊन तो खरंच परत आला, आणि एकाबद्दल मास्तरांशी तासभर भांडला.

पुढे मी वाचनालयाची कार्यवाह झाले. तुम्हाला माहीत आहे, माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असते. वाचनालयातही मी तसंच सुरू केलं. दाखल नोंदवही संगणकावर घेतली. सभासद नसलेल्यांना पुस्तकं हाताळू देऊ नयेत असं एक परिपत्रक काढलं. आणि ओटीवर मासळीचा वास येतो अशी दोन-तीन सभासदांनी तक्रार केली तेव्हा 'येथे पाट्या व टोपल्या ठेवू नयेत' असा फलक लावला. मास्तरांनी परिपत्रक वाचलं, त्यावर सही केली, आणि फलक वाकडा लागला होता तो सरळ केला. मला वाटलं, पटलं त्यांना.

मग इमारतीचा प्रश्न आला. स्लॅब गळत होता, सळ्या उघड्या पडल्या होत्या. दुरुस्तीला दोन वर्षं तरी लागणार होती. शेजारच्याच आळीत आम्हाला तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या, पण तिथे आमची निम्मीच कपाटं मावत होती. म्हणजे खूप पुस्तकं काढून टाकावी लागणार होती. कामकाजाच्या भाषेत याला निर्लेखन म्हणतात. मी समितीपुढे साधा नियम ठेवला. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तारखेचे शिक्के मारायची पट्टी असते. ज्याच्या पट्टीवर सात वर्षांत एकही शिक्का नाही, ते पुस्तक जाणार.

सगळ्यांनी माना हलवल्या. मास्तरांनी विचारलं, "पट्टी बघून ठरवायचं?"

"मग कसं ठरवायचं, मास्तर?"

"नाही, पट्टी बघूनच ठरवू. पण काढायच्या आधी शेवटच्या वाचकाला विचारून येतो."

लोक हसले. मास्तर मात्र गंभीर होते. ज्याने ते पुस्तक सगळ्यात शेवटी वाचलं, त्याला माहीत हवं की ते जातंय, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना सहा आठवडे दिले. दुसऱ्या दिवसापासून मास्तर सायकलच्या कॅरियरला पुस्तकांची पिशवी बांधून फिरू लागले, केळीच्या वाड्यांमधून, तळ्याच्या बाजूने, पार गास गावापर्यंत.

दोन-तीनदा मीही रिक्षा करून त्यांच्यामागे गेले. गासला एक निवृत्त गुरुजी झोपाळ्यावर बसले होते. मास्तरांनी पुस्तक पुढे केलं. "गुरुजी, नऊ वर्षांपूर्वी तुम्ही नेलं होतंत. काढून टाकतोय."

गुरुजींनी चष्मा लावून नाव वाचलं. "टाका, टाका. मला तेव्हाच आवडलं नव्हतं. इतकी वर्षं ठेवलंत कशाला?"

मास्तरांनी पेन्सिलीने वहीत नोंद केली: 'संमती.'

दुसऱ्या एका घरी वाचणारा राहिला नव्हता. त्याच्या सुनेने दार उघडलं. पुस्तक हातात घेऊन ती उभ्याने चाळू लागली आणि एका पानावर थांबली. तिथे बसचं जुनं तिकीट होतं, खूण म्हणून ठेवलेलं. "पप्पा इथवर आले होते," ती म्हणाली. मास्तरांनी ते पुस्तक तिथेच ठेवलं. वहीत काय लिहिलं ते मी बघितलं नाही.

पाचव्या आठवड्यात मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. साधंच असतं ते, पण त्यांना साखर होती, त्यामुळे डॉक्टरांनी घाई केली. ते रजेवर गेले तेव्हा दोनच कपाटं राहिली होती. मी ठरवलं, तेवढी आपण संपवू. मास्तरांनाही बरं वाटेल.

कोपऱ्यातल्या कपाटात खालच्या फळीवर वीस-बावीस पुस्तकं निघाली. त्यांच्या तारीखपट्ट्या नुसत्या जुन्या नव्हत्या, कोऱ्या होत्या. पुस्तक आलं त्या दिवसापासून एकही शिक्का नाही. पहिल्या पानावर माणसाचं नाव नव्हतं. सगळ्यांवर एकच होतं: 'दुपारची बस.' मला वाटलं, बसमध्ये वाचायला बरी पडतील म्हणून कधीतरी घेतलेली दिसतात, आणि कोणी नेलीच नाहीत. शेवटचा वाचक नाही, म्हणजे विचारायचंही कोणाला नाही. एका पुस्तकात मधेच दोरा घातलेला होता, निळा, नायलॉनचा. मी तो काढून टाकला. गठ्ठे बांधले आणि रद्दीवाल्याला दिले. त्या दिवशी मी फार समाधानाने घरी आले.

दहा-बारा दिवसांनी मास्तर काळा चष्मा लावून आले. कपाटं हलवायची तयारी चालली होती. त्यांनी कोपऱ्यातल्या कपाटाच्या खालच्या फळीवर हात फिरवला.

"इथली?"

"कोरी होती, मास्तर. एकही शिक्का नव्हता. कोणी कधी हातच लावलेला नव्हता त्यांना."

ते स्टुलावर बसले. बारा वाजले, मी घरी जायला निघाले, तशी मी रोजच निघायची. बारा ते चार वाचनालय बंद असे. मास्तर डबा घेऊन तिथेच थांबत.

"बाई," ते म्हणाले, "आज दीड वाजेपर्यंत थांबाल का?"

मी थांबले. दीडच्या सुमाराला बाजारातून पाच कोळणी आल्या. अर्नाळ्याच्या. सकाळी आमच्या बाजारात मासळी विकायची आणि सव्वादोनच्या बसने परत जायचं, हा त्यांचा रोजचा क्रम. त्यांनी आपल्या पाट्या माझ्या फलकाला मान देऊन कुंपणाबाहेर, फणसाखाली ठेवल्या. नळावर हात धुतले, कोपरापर्यंत. मग ओटीवर भिंतीला पाठ लावून ओळीने बसल्या. मला बघून जरा आवरत्या झाल्या.

त्यांच्यात सगळ्यात म्हातारी होती ती म्हणाली, "मास्तर, डोला कसा हाय?"

"बरा आहे, मावशी."

"मंग आज वाचनार? का डाक्टरनं बंदी केलीय?"

मास्तरांनी काळा चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मावशी, ते पुस्तक माझ्याकडून हरवलं."

मला तेव्हा सगळं कळलं, बाळांनो. त्या बायका सभासद नव्हत्या, कारण दोघींना तर सही करता येत नव्हती. पुस्तक त्या घरी नेत नसत, कारण खोपटात खाऱ्या हवेने त्याचं काय होईल हे त्यांना मास्तरांइतकंच ठाऊक होतं. रोज पाऊण तास मास्तर त्यांना वाचून दाखवत होते. अकरा वर्षं. आमच्या वाचनालयातली सगळ्यात जास्त वाचली गेलेली पुस्तकं ती होती, आणि त्यांच्या पट्ट्या कोऱ्या होत्या. माझं परिपत्रक आल्यापासून मास्तरांनी ती कोपऱ्यात, खालच्या फळीवर ठेवली होती.

"त्यांनी नाही हरवलं," मी म्हटलं. "मी रद्दीत दिलं."

एक तरुण बाई पदराने वारा घेत होती, तिचा हात थांबला. मग मावशीने माझ्याकडे तोंड वळवलं. चिडलेली नव्हती ती. कामाचं विचारावं तसं तिने विचारलं, "मंग बाय, तुला म्हाइत आसंल. बहीन दार उघडते का नाय?"

मी ते पुस्तक वाचलं नव्हतं. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. त्यांनाही माहीत नव्हतं. ओटीवर वाचायचं पुस्तक ते कधीच पुढे वाचून ठेवत नसत. पुढे काय होणार हे आपल्याला माहीत असलं की ते आवाजात उतरतं आणि मावशीला लगेच कळतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

कादंबरी अशी होती. घाटावरच्या एका गावात भाऊ आणि बहीण. एका लग्नात भावाने बहिणीला मान दिला नाही, तिने बोलणं टाकलं. तीस वर्षं झाली. आता भाऊ म्हातारा झालाय आणि तिच्या गावाला चालत निघालाय. निळा दोरा होता तिथे तो नदी ओलांडत होता.

बस आली तशा बायका उठल्या. तरुण बाई मागे राहिली आणि मला हळूच म्हणाली, "मावशीचा भाव हाय पाचूबंदरला. बोलत नाय दोगं. मी लहान होते तवापासून." आणि पाटी घेऊन धावली.

मी त्याच दुपारी रद्दीवाल्याकडे गेले. गोदामात त्याच्या मुलीबरोबर बसून गठ्ठे सोडले. बावीसपैकी नऊ पुस्तकं मिळाली. बाकीचा माल गेल्या आठवड्यात वापीच्या कागद गिरणीकडे गेला होता. भाऊ-बहिणीचं पुस्तक त्यात गेलं. बाजारात ते मिळत नव्हतं, प्रकाशकाचं दुकान कधीच बंद झालं होतं. मग मी मला येतं ते केलं. यादी केली. जिल्ह्याजिल्ह्यातल्या वाचनालयांची नावं, फोन, कोणाला विचारलं, काय म्हणाले. रोज दहा फोन. काहींनी दुसऱ्या दिवशी करा म्हटलं, काहींनी आम्हीही ते काढून टाकलं म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात तळकोकणातल्या एका छोट्या गावातून ग्रंथपालबाईंचा फोन आला. "आहे आमच्याकडे. पण महिन्याभरात परत पाठवायला लागेल हां. इथले एक आजोबा दर गणपतीत वाचतात."

पुस्तक आलं. त्याच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने ठिकठिकाणी लिहून ठेवलं होतं, 'असं बोलू नये', 'चूक भावाचीच', 'बहीणही कमी नाही'. मास्तर स्वतः वाचायला बसले, पण ऑपरेशन झालेल्या डोळ्याचा पडदा सुजला होता आणि दुसऱ्यातही मोतीबिंदू होताच. भिंग धरूनही अक्षरं वाकडी दिसत. मग वाचायचं काम माझ्याकडे आलं.

तोवर आम्ही नव्या जागेत गेलो होतो. फलक मी तिकडे नेला नाही. दाराला तीन पायऱ्या होत्या, बायका त्यांवर बसू लागल्या, पाट्या शेजारी. पहिल्या दिवशी मी अहवाल वाचावा तसं वाचलं. मावशी म्हणाली, "बाय, तो नदीत हाय. तू अशी वाचतेस जसा रिक्षात बसलाय." सगळ्या हसल्या, मास्तर सगळ्यांत जास्त. मग मी सावकाश वाचू लागले. समासातलंही वाचायचे. 'चूक भावाचीच' आलं की तरुण बाया हो म्हणायच्या. मावशी गप्प राहायची.

शेवटचं प्रकरण राहिलं त्या दिवशी मावशी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. छातीत कफ होता, उठवत नव्हतं. मी पुस्तक उघडलं तर चौघींनी एकदम हात केला. "नको बाय. ती नसताना नको." पुस्तक परत पाठवायला चारच दिवस उरले होते.

तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "चला."

आम्ही दोघं सव्वादोनच्या बसने त्या चौघींबरोबर अर्नाळ्याला गेलो. पुस्तक मास्तरांनी आधी कागदात, मग फडक्यात, मग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलं होतं. मावशीचं घर किनाऱ्याजवळ. दारात बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. ती आत बाजेवर उशीला टेकून बसली होती, आणखी लहान झालेली. मास्तरांना बघून तिने पदर सावरला.

"हिकडं आनलंत पुस्तक? खराब व्हईल की."

"होऊ दे," मास्तर म्हणाले. मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

बायका जमिनीवर बसल्या. मावशीची सून दाराला टेकून उभी राहिली. मी वाचायला घेतलं. भाऊ बहिणीच्या दारात पोचतो. दार बंद. तो हाक मारत नाही. ओटीवर बसतो. दुपार कलते, गुरं परततात, शेजारची माणसं डोकावून जातात. आत भांड्यांचा आवाज येतो आणि थांबतो. मग दार अर्धं उघडतं. बहीण तांब्या घेऊन बाहेर येते, त्याच्यापुढे ठेवते आणि आत जाते. दार लावत नाही.

मी थांबले.

"मंग?" मावशी म्हणाली.

"संपलं, मावशी. इथेच संपलंय."

"पानी दिलं नी संपलं?"

"हो."

तिने डोळे मिटले. मला वाटलं तिला फसवल्यासारखं वाटतंय. मास्तर माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी काळा चष्मा काढला होता आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं. ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

मावशीने डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं. "तुमी कशाला रडता, मास्तर? दिलं ना पानी तिनं." मग सुनेला म्हणाली, "मास्तरला च्या कर. आन आधी फोन हिकडं आन. पाचूबंदरचा लाव."

सून जागची हलली नाही. "काय बोलू त्यांना?"

"तू काय बोलू नको. नुस्ता लाव."

सुनेने फोन लावून बाजेवर ठेवला. मास्तर चहासाठी थांबले नाहीत. ते इतक्या घाईने उठले की मला त्यांचा हात धरावा लागला. चौघी बायकाही पाठोपाठ बाहेर आल्या. आम्ही सगळे अंगणात, वाळत्या बोंबलांखाली, चपला शोधत होतो, आणि आत रिंग वाजत होती. ती थांबली. कोणीतरी तिकडे उचलला असावा. बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही, आणि आम्ही कोणी चपला घालत नव्हतो.

मग मावशी खोकली, आणि म्हणाली, "मी हाय."